मधातली गोळी

"आ कर. अजून थोडं. बास बास, जबरदस्ती नको."

भाचीचं तोंड जेवढं उघडलं तेवढ्यात सिस्टरने मोजपट्टी वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे उभी धरली. बावीस मिलिमीटर. परवा, अक्कलदाढ काढायच्या आधी, हेच माप चव्वेचाळीस होतं. मग तिने टाके घालायच्या काळ्या रेशमी दोऱ्याचा एक तुकडा घेतला, त्याचं टोक भाचीच्या कानापुढच्या उंचवट्यावर टेकवलं आणि दोरा सुजलेल्या गालावरून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आणला. नखाने जागा धरली, दोरा उचलला आणि स्टीलच्या पट्टीवर आडवा ठेवला.

"एकशे एकोणीस."

"म्हणजे किती सुजलाय?" भाची दात न हलवता बोलली.

"नऊ मिलिमीटर. आरशात नव्वद वाटतील, म्हणून बघू नकोस."

"हसवू नको ना मावशी. टाके ओढतात."

आतल्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज आला. "सिस्टर, किती?"

"एकशे एकोणीस. तोंड बावीस."

"लिहा. दोनशे तेरावी नोंद. वही बंद!"

सिस्टरने आकडे लिहिले. दोरा गालावर कसा धरायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिले वीस-पंचवीस गाल झाल्यावर बोटांनाच कळलं. ताणला तर मांस दबतं आणि सूज कमी दिसते, सैल सोडला तर जास्त. गालाला दोरा जाणवता कामा नये आणि दोऱ्यातून गाल सुटता कामा नये. डॉक्टरांनी एकदा तिला न सांगता तीच मापं स्वतः पुन्हा घेऊन पाहिली होती. दहापैकी नऊ जुळली. दहावं पुन्हा घेतलं, तर चूक डॉक्टरांची निघाली.

खरं म्हणजे ती सिस्टर नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती या दवाखान्यात फरशी पुसायला आणि अवजारं उकळायला म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर घाईत एका पेशंटसमोर म्हणाले, "सिस्टर, कापूस द्या," आणि तिने कापूस दिला. तेव्हापासून ते नाव चिकटलं. पुढे पांढरा कोट आला, पेशंट 'ताई' म्हणू लागले, घरच्या लोकांना 'आमची दवाखान्यात असते' असं सांगायची सोय झाली. कुठे शिकलात, असं कुणी विचारलं तर ती "इथेच" म्हणायची. ते खोटं नव्हतं. पण असं म्हणताना ती नेहमी हातातलं काहीतरी आवरायला घ्यायची.

वहीची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. अक्कलदाढ काढल्यावर सूज उतरवायची म्हणून एका एन्झाइमच्या गोळ्या देतात. त्यांनी खरंच काही होतं का, यावर डॉक्टरांनी वाचलेले लेख एकमेकांशी भांडत होते. डॉक्टर म्हणाले, आपण आपलं बघू. वहीत ज्याचा क्रमांक विषम, त्याला दुखण्याच्या गोळीबरोबर ही गोळी पाच दिवस. ज्याचा सम, त्याला नुसती दुखण्याची. दाढ काढायच्या आधी आणि नंतर तिसऱ्या दिवशी गाल मोजायचा. मोजायचं काम सिस्टरचं.

अकरा वर्षांत दोनशे तेरा गाल झाले. दोन्ही गटांच्या सरासरीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. महिनाअखेर डॉक्टर दवाखाना बंद करणार होते; त्याआधी, येत्या रविवारी, दातांच्या डॉक्टरांच्या वार्षिक सभेत ते आपला निबंध वाचणार होते. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला निबंध, आणि शेवटचाही. गोळीचा उपयोग होत नाही, तेव्हा ती लिहून देणं थांबवावं, असा त्याचा समारोप होता. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य होतं: सर्व मोजमापे अत्यंत चोखपणे घेणाऱ्या आमच्या सिस्टरचे आभार.

ते वाक्य सिस्टरने धाकट्या बहिणीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा बहिणीने ऐकू आलं नाही असं खोटंच सांगितलं होतं.

भाची या बहिणीचीच मुलगी. औषधशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. होस्टेलवर दाढ ठणकायला लागली तशी ती मावशीकडे आली. दाढ आडवी होती, तासभर लागला. दोन दिवस ती मावशीच्या पलंगावर ग्लानीत पडून होती. आज प्रथमच तिचे डोळे नीट उघडले होते.

दुपारी पेशंट संपल्यावर सिस्टरने तिला मागच्या खोलीत बसवलं आणि कोमट सूप दिलं. सूप संपल्यावर दोन चमचे घेतले, एकात गोळी ठेवली, वरून दुसरा दाबला. कुटकन आवाज झाला. पिवळसर भुकटीवर तिने बाटलीतला मध सोडला आणि काडीने कालवला.

"आ कर."

भाचीने तोंड उघडलं नाही. ती चमच्याकडे बघत होती.

"मावशी, ही कसली गोळी?"

"सुजेची. परवापासून हीच तर चाटवतेय तुला. कशी गपगप खात होतीस."

"ही फोडलीस तू?"

"मग! बावीस मिलिमीटर तोंड उघडतंय तुझं. अख्खी कुठून घालू, नाकातून?"

भाचीने गाल हाताने धरला, कारण तिला हसू आलं होतं. मग ते ओसरलं. "अगं, ही फोडायची नसते. हिच्यावर ते गुळगुळीत वेष्टन असतं ना, ते मुद्दाम असतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन. दुधात लिंबू पिळल्यावर दुधाचं काय होतं? तसं पोटातल्या आम्लात याचं होतं. वेष्टन असलं की गोळी पोटातून तशीच पुढे जाते आणि आतड्यात विरघळते. फोडली की संपलं. मध खाल्ल्यासारखंच."

सिस्टर काडी फिरवत राहिली.

"आणि जेवणाआधी घ्यायची. अर्धा तास. आम्हाला परीक्षेला होतं हे."

सिस्टरच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दोन क्षण तिला वाटलं, आपल्यालाच ताप आला आहे.

"तुझ्यासाठीच फोडली," ती म्हणाली. "तू लहान म्हणून. बाकीच्यांना अख्खीच देतो आम्ही."

"मग ठीक," भाची म्हणाली. "घाबरले ना मी. एवढ्या लोकांना तुम्ही..."

तिने वाक्य पुरं केलं नाही, कारण तोंड दुखत होतं. सिस्टरने चमचा बेसिनमध्ये धुतला. मध चिकट असतो. तिने तो तीनदा धुतला.

फोडायची सुरुवात पहिल्याच नोंदीपासून झाली होती. क्रमांक एक हा एक ट्रक ड्रायव्हर होता, दाराच्या चौकटीत न मावणारा. दाढ काढताना हूं की चूं केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गोळी गिळायची म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टाका तुटेल, गोळी घशात अडकेल, असं काहीबाही त्याच्या मनात बसलं होतं. सिस्टरने दोन चमचे घेतले. मध घरून आणला होता, खोकल्यासाठी. त्याने चाटला आणि म्हणाला, "ताई, आईनंतर तुम्हीच."

त्या एका वाक्यावर ती पुढे अकरा वर्षं चालली. डॉक्टर खुर्चीवरच्या पेशंटला सूचना द्यायचे, पण तेव्हा पेशंटच्या तोंडात बोळा आणि कानात भीती असायची, आणि सिस्टर मागे अवजारं उकळत असायची. बाहेर आल्यावर प्रत्येक जण तिलाच विचारायचा, "ताई, काय म्हणाले डॉक्टर?" म्हणून तिने एक चिठ्ठी तयार केली, स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, आणि तिच्या प्रती काढून आणल्या. चूळ जोरात भरू नये. बर्फाने बाहेरून शेकावे. आणि चौथं कलम: मोठी गोळी गिळता न आल्यास कुटून मधातून घ्यावी, जेवणानंतर, म्हणजे पोटास त्रास होणार नाही. डॉक्टर काय सांगतात ते तिने कधी ऐकलं नाही, ती काय लिहिते ते त्यांनी कधी वाचलं नाही.

भाची घरी गेल्यावर तिने कपाटातून गोळ्यांची पेटी काढली. आत नेहमीसारखी पातळ कागदाची घडी होती, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली. अशा घड्या ती कधी फेकत नसे. खणात त्यांचा गठ्ठा होता. पेशंटला आपली काढलेली दाढ घरी न्यायची असली की ती अशा एका कागदात गुंडाळून द्यायची. कागद मऊ होता आणि बरोब्बर दाढेच्या मापाचा होता.

तिने घडी उलगडली, डॉक्टरांचं भिंग घेतलं आणि एकेक अक्षर लावत गेली. इंग्रजी तिला तेवढंच येत होतं. चौथ्या ओळीला ते सापडलं. फोडू नये. चावू नये. जेवणापूर्वी.

अकरा वर्षं ती हे लिहिलेला कागद लोकांच्या हातात देत होती, आणि त्यात दाढ बांधून देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. ती होस्टेलवर परतली होती.

"मावशी, कशी आहेस?"

"मी कशी असणार? तू सांग. सूज?"

"उतरतेय." तिने आवाज खाली आणला. "मावशी, तू दिलेल्या पिशवीत ती चिठ्ठी होती. सूचनांची. वाचली मी."

सिस्टरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी कुणाला सांगणार नाही हं," भाची म्हणाली. "आईलापण नाही. आणि खरं सांगू, गोळीने नुकसान तर कुणाचं झालेलं नाही. सूज काय, आपोआप उतरतेच."

"अभ्यास कर नीट," सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

ज्या पोरीला तिने चड्डी घालायला शिकवलं होतं, ती आता तिची लाज पदरात झाकून घेत होती. ते तिला चिठ्ठीपेक्षाही जास्त लागलं. गप्प राहणं सोपं होतं. रविवारी निबंध वाचला जाईल, टाळ्या होतील, महिनाअखेर दवाखान्याला कुलूप लागेल. पण सभेतले पन्नास-साठ डॉक्टर त्यानंतर आपापल्या खुर्चीपाशी जाऊन म्हणतील, ती गोळी नको, फरक पडत नाही, एका भल्या माणसाने अकरा वर्षं मोजून पाहिलंय.

निदान किती जणांनी फोडून घेतली ते तरी कळावं, म्हणून दुपारच्या रिकाम्या वेळात तिने वही पुढ्यात घेऊन विषम क्रमांकांना फोन लावायला सुरुवात केली. आठ नंबर बंद होते किंवा दुसऱ्याच कुणाचे झाले होते. तिघांना दाढ आठवत होती, गोळी नाही.

"कोण, ताई?" ड्रायव्हर ओरडलाच. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "अहो, कसली दाढ घेऊन बसलात? आता वरचं सगळं गेलं, खालचे चार राहिलेत. तेही राजीनामा देणारेत."

"तुम्हाला त्या गोळ्या आठवतात का? सुजेच्या?"

"मधातल्या? न आठवायला काय झालं! पाची दिवस मधातून घेतल्या. नंतर नुसता मधच खात होतो, सवय लागली." तो हसला. "बायकोला सांगतो मी अजून, डॉक्टरने दाढ काढली पण बरं केलं ते ताईंनी."

"बरं," सिस्टर म्हणाली. "गाडी सांभाळून चालवा."

वीस फोन झाले. नऊ जणांनी मध सांगितला. अख्खी गिळली असं एकानेही सांगितलं नाही. आणि नऊच्या नऊ जणांनी तिचे आभार मानले. विसाव्या फोननंतर तिने वही मिटली. आणखी कुणाचे आभार ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टर आधीच आले होते. खिडकीजवळच्या फळीवर जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. त्यांच्यासमोर उभे राहून ते हातातले कागद वाचत होते.

"या, सिस्टर. हे बघा, सगळे तोंड उघडून ऐकताहेत. रविवारी एवढे जरी मिळाले तरी पुष्कळ."

"डॉक्टर, एक बोलायचंय."

"बोला की. आभारात तुमचं पूर्ण नाव घालू ना? मी तेच विचारणार होतो."

"नको," ती म्हणाली. तिने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "हे वाचा. चौथं कलम."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांनी पहिल्या कलमापासून वाचायला सुरुवात केली, जशी कुठलीही गोष्ट ते पहिल्यापासून वाचत. चौथ्यापाशी आल्यावर त्यांचे डोळे तिथेच थांबले. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली. ती गेल्यावरही ते चौथ्या कलमावरच होते.

"ही कुणाला दिली?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि लोक फोडून घ्यायचे."

"नऊ जणांचं नक्की कळलंय. आणि भाचीला मीच दिली, तेव्हा तिने सांगितलं, ही फोडायची नसते. बाकीच्यांचं सांगता येत नाही. पण मी समोर फोडून दाखवायची, डॉक्टर. कशी फोडायची ते."

डॉक्टर खुर्चीवर बसले. पेशंटच्या खुर्चीवर, कारण तीच जवळ होती. "तुम्ही मला विचारलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर तिने रात्रभर शोधलं होतं. घाई असायची, तुम्ही आत असायचात, असं बरंच सुचलं होतं. त्यातलं एकही तिने वापरलं नाही.

"विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मला येतंय."

डॉक्टरांनी मान हलवली. रागवतील असं तिला वाटलं होतं. किंबहुना तशी तिची इच्छा होती. ते हातातल्या चिठ्ठीची कड बोटाने सरळ करत राहिले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे एका बाजूला मध खाल्लेले आणि दुसऱ्या बाजूला न खाल्लेले. आणि मधाने अक्कलदाढेची सूज उतरत नाही, हे मी सिद्ध केलं. व्वा." ते एकदम हसले आणि हसू मधेच तुटलं. "अक्षर सुरेख आहे तुमचं. माझ्या टेबलाच्या कडेला हा गठ्ठा असायचा ना? निळ्या क्लिपमध्ये?"

"हो."

"मी त्याच्यावर चहाचा कप ठेवायचो."

तेवढं बोलून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. दाराशी वळून त्यांनी विचारलं, "भाची म्हणाली होती का तुम्हाला सांगायला?"

"नाही. ती म्हणाली, कुणाला सांगणार नाही."

"हं," डॉक्टर म्हणाले.

मधली भिंत प्लायवुडची होती. तिला ऐकायचं नव्हतं, पण अवजारं उकळायचं भांडं त्याच भिंतीला लागून होतं. डॉक्टरांनी सभेच्या चिटणिसांना फोन लावला होता.

"नाही, तब्येत उत्तम आहे. निबंध मागे घेतोय... आकडे भरवशाचे नाहीत म्हणून. गोळी ज्या रीतीने द्यायला हवी तशी दिली गेली नाही... कुणाकडून म्हणजे? दवाखाना माझा आहे, चूक माझी आहे." मग बराच वेळ पलीकडचा माणूस बोलत असावा. "नाही हो. मोजमापं चोख आहेत. सिस्टरची मापं चोखच आहेत. त्यात शंका नको."

भांड्यातलं पाणी खदखदायला लागलं. सिस्टरने चिमट्याने एकेक अवजार आत सोडलं. मापं चोख आहेत, हे वाक्य तिने रविवारनंतर सगळ्या बिल्डिंगला ऐकवायचं ठरवलं होतं.

रविवारी सभा झाली, त्यांच्याशिवाय. सोमवारी डॉक्टरांनी वही तिच्यासमोर ठेवली.

"फेकायची नाही," ते म्हणाले. "पुढे कुणी उघडली तर त्याला खरं कळायला हवं. उजवीकडे जागा आहे. एक रकाना आखा. गोळी कशी घेतली. ज्यांचं माहीत आहे त्यांचं लिहा."

"आणि बाकीच्यांचं?"

"जे आहे तेच."

तिने पट्टी घेऊन पानापानावर रेघ आखली. क्रमांक एकपुढे लिहिलं: फोडून, मधातून. बाकीच्या आठांपुढे तेच. दोनशे तेरापुढे तेच, आणि कंसात: मी दिली. मग विषम क्रमांकांतल्या राहिलेल्या सत्त्याण्णव जणांपुढे तिने एकेक करून लिहिलं, माहीत नाही. खाली खाली 'वरप्रमाणे' म्हणून नुसती दोन टिंबं दिली तरी भागलं असतं. तिने प्रत्येक ओळीत अक्षरं पुरी लिहिली. तिसऱ्या पानानंतर हात दुखायला लागला. हे लिहिताना तिला प्रत्येकाचा गाल आठवत होता: शिक्षिका, जिच्या गालावर तीळ होता आणि दोरा त्याच्यावरून न्यावा लागायचा, सुतार, जो मोजताना श्वास रोखून धरायचा. गाल मिलिमीटरपर्यंत आठवत होते. पुढे मात्र माहीत नाही, माहीत नाही.

"गोळी चांगली की वाईट मग?" तिने वही परत देताना विचारलं.

"आपल्याला सांगता येत नाही. आपण ते बघितलंच नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आपण म्हटलं, आणि तिने मान खाली घातली.

दवाखाना बंद व्हायला चार दिवस उरले होते तेव्हा शिवणकाम करणारी एक बाई आली. दाढ आदल्या दिवशी काढली होती. गाल तट्ट फुगला होता आणि ओढणीने तो बांधून घेतल्यामुळे ती चिडलेल्या लहान मुलीसारखी दिसत होती.

"कालपासून एक गोळी जाईना हो पोटात," ती दातांच्या फटीतून म्हणाली. "गिळायचं म्हटलं की जीव घाबरा होतो. ती मोठी आहे ना, ती. माझी जाऊ सांगत होती, तुम्ही मधातून देता म्हणून. तिला दिली होती. म्हणाली, ताईंचा हात फार मायेचा आहे."

सिस्टरच्या कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. मधाची बाटली कपाटात होती. दोन चमचे खणात होते. दोन मिनिटांचं काम होतं, आणि बाई दुवा देत घरी गेली असती.

"मी चुकीचं देत होते," ती म्हणाली. "फोडली की तिचा उपयोग जातो. तुमच्या जावेलाही सांगा, चुकीचं दिलं होतं म्हणून."

बाई बघतच राहिली. कुठल्या दवाखान्यात असं कुणी बोलताना तिने ऐकलं नसावं. "मग आता?"

"काही खाल्लंय का?"

"कुठे खातेय. तोंड कुठे उघडतंय?"

"मग बरंच झालं. रिकाम्या पोटीच घ्यायची असते. बसा. आपण अख्खी घेऊ."

"नाही जायची हो."

"जाईल. घाई नाही कुणाला."

तिने स्टूल ओढून बाईच्या शेजारी घेतलं आणि पेल्यात कोमट पाणी आणलं. पेटी उघडली, तशी आतली कागदाची घडी बाहेर आली. सवयीने तिचा हात खणाकडे गेला. मग तिने घडी उलगडली, टेबलावर पसरली आणि चौथ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. बाईची काल काढलेली दाढ न्यायची राहून टेबलावरच होती. ती तिने गॉझच्या तुकड्यात बांधली.

बाईने गोळी बोटांत धरली, ओठांपर्यंत नेली, खाली आणली. पुन्हा नेली. "नाही होत," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सिस्टरने तिच्या हातातून गोळी घेतली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. "पुढच्या दातांच्या मागे ठेवायची," ती म्हणाली. "मग पाण्याचा घोट. मान थोडी खाली. वर नाही, खाली. टाक्याला काही होत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले. मग अकरा पंचवीस. आतून डॉक्टरांनी एकदा डोकावून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. पेल्यातलं पाणी गार झालं तेव्हा सिस्टर उठली, दुसरं घेऊन आली आणि पुन्हा बसली. बाईच्या तळहातावर ती गुळगुळीत गोळी होती, आणि घामाने ओली होऊ नये म्हणून सिस्टरने तिच्याखाली कागदाचा एक कोपरा सरकवला होता.